बाकावरची झोप

फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात मी माझ्या नावाचा पुकारा व्हायची वाट पाहत बसले होते. समोरच्या बाकाच्या दोन टोकांना नवरा-बायको, आणि मध्ये त्यांची लहानगी गाढ झोपलेली. डोकं आईच्या मांडीवर, पाय बापाच्या. मुलगी कुणाकडे राहणार, ते आज ठरायचं होतं. "त्यांच्याशी एक शब्द बोलू नका," असं वकीलबाई मघाशीच आईला बजावून गेल्या होत्या.

ताबा. हा शब्द मी आजवर घरा-जमिनीसाठीच ऐकला होता. घर निदान कुणाच्या मांडीवर झोपत तरी नाही.

बापाने लेकीचे बूट अलगद काढले. आईने तिकडे न बघताच ओढणीचं टोक सरकवलं आणि त्याने ते त्या इवल्या पावलांवर पांघरलं. भांडणं सगळी अर्जात येतात. हे असलं काही वकिलाला सांगावं, हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

तेवढ्यात शिपायाने त्या दोघांची नावं खणखणीत आवाजात पुकारली. दोघांनीही एकदमच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू!" आई म्हणाली.

"आत्ताच झोपलीय," बाप म्हणाला.

मग आधी कुणी उठायचं, ते दोघांनाही कळेना.