बोलण्याचा रोख

माझे धाकटे काका लिफ्टचे मिस्त्री होते. कपडे शिवणाऱ्या एका पाच मजली कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचे आणि मालाच्या लिफ्टचे तारेचे दोर सुती फडक्यानं पुसत जायचे. तार तुटलेली असली की फडकं तिथं अडकायचं. किती ठिकाणी अडकलं ते वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. घरी मात्र बोलणं बेताचंच. काकू म्हणायची, "यांच्या तोंडून शब्द काढायला पाना लागतो."

पण समोरचा जे बोलला नाही, ते त्यांना बरोबर कळायचं. कारखान्यात याचं कौतुक होतं. मॅनेजरसाहेबांना त्यांच्यापुढे वाक्य कधी पुरं करावं लागायचं नाही.

त्या सोमवारी एका वितीत फडकं अकरा ठिकाणी अडकलं. लिफ्ट बंद ठेवून दोर बदलायला हवे होते, म्हणून काका वही घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी वही उघडलीही नाही. काकूच्या गुडघ्यांची चौकशी केली, निवृत्तीला किती वर्षं राहिली ते विचारलं. मग म्हणाले, "गुरुवारी मोठं गिऱ्हाईक येतंय. तुम्ही जुने माणूस, तुम्हाला काय सांगायचं?"

काकांनी बाहेर येऊन वहीत 'ठीक' असं लिहिलं आणि सही केली. शुक्रवारी दोर बदलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी इस्त्री खात्यातली एक मुलगी गठ्ठ्यांची ढकलगाडी घेऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरली. एक दोर तुटला, दुसऱ्याला भार पेलला नाही. लिफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारे जबडे कधीचे गंजून बसलेले. खालचं दार काकांनीच पहारीनं उघडलं. मुलगी चोवीस वर्षांची होती.

चौकशीला मी काकांबरोबर गेले होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, 'ठीक' लिहा असं मॅनेजरनं सांगितलं होतं का?

"सांगितलं नाही, साहेब," काका म्हणाले. "पण त्यांच्या बोलण्याचा रोख मला कळला."

कारखान्याचा वकील लगेच उभा राहिला. "रोख? कुणी दिली? किती दिली?"

खोलीत दोघंतिघं हसले. काका गडबडले. रोख म्हणजे तसं नव्हे, ते सांगू लागले, माणूस बोलतो एक आणि त्याला जायचं असतं भलतीकडे, ती दिशा. अधिकारी वैतागले. अर्थ नकोत, शब्द काय होते तेवढे सांगा, म्हणाले. काकांनी सांगितले. मोठं गिऱ्हाईक, जुने माणूस, काय सांगायचं. टाईप होऊन आलेला कागद मी वाचला. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं, की आपण एका जुन्या कामगाराचा मान राखला, बस.

वस्तीत 'रोख' एवढाच शब्द पोचला, तोही वकिलाच्या अर्थानं. वाणी काकूला विचारायचा, "आज रोखीनंच ना?" आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघायचा.

खटला उभा राहायच्या आधी एका सकाळी त्या मुलीची आई आमच्या दारात आली. काकूनं पुढं केलेलं पाणी तिनं घेतलं नाही.

"किती घेतलेत?"

"काही नाही घेतलं."

मग तो माणूस म्हणाला तरी काय, असं तिनं विचारलं. काकांनी तेच शब्द पुन्हा सांगितले. तिनं ते एकेक करून स्वतःशी म्हणून पाहिले.

"यात तर काहीच नाही."

"नाही," काका म्हणाले. "बाकीचं मी समजून घेतलं. 'ठीक लिहू का?' एवढं तोंडानं विचारलं असतं, तर त्यांना तोंडानं उत्तर द्यावं लागलं असतं. मी विचारलं नाही."

"पैसे घेतले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "कशापायी गेली ते तरी कळलं असतं." आणि उठून गेली.

कोर्टात काकांनी वकील लावला नाही, गुन्हा कबूल केला. दोन वर्षांची शिक्षा झाली. मॅनेजरसाहेब तोवर दुसऱ्या कारखान्यात वरच्या जागेवर गेले होते.

सुटून आल्यावर काका बदलले होते. कुणी अर्धवट बोललं, नुसतं हसलं, की ते विचारायचे, "म्हणजे काय? नीट सांगा." लोक कंटाळले. भाऊबंदांनी येणं कमी केलं. माझे वडीलसुद्धा त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलेनासे झाले.

पाचव्या वर्षी त्यांच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, आता यांना घरीच न्या, आवडेल ते खाऊ द्या. मी मान हलवली. काकू पिशवी आवरू लागली.

काका खुर्चीतून उठले नाहीत. "डॉक्टर, मी मरणार आहे, असंच ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हो."

"किती दिवसांत?"

"महिनाभर. कदाचित कमी."

काकांनी त्यांचे आभार मानले. एकोणीस दिवसांनी ते गेले.