गोळ्या घरी यायला लागल्यावर

नांदेडच्या एका संस्थेत मी काही काळ पाहणीचं काम केलं. कंधार आणि हदगावकडच्या गावांत घरोघर जायचं आणि विचारायचं, अंगणवाडी कशी चालते, रेशन वेळेवर मिळतं का, दवाखान्यात नीट बोलतात का, आणि एकूण तुम्ही सुखी आहात का. हा शेवटचा प्रश्न विचारताना सुरुवातीला माझीच जीभ अडखळायची. लोकांना मात्र त्याचं काही वाटत नसे. हातातलं काम न थांबवता ते म्हणत, "बरं हाय की."

वाईट म्हटलं तर आहे तेही बंद होईल आणि फार चांगलं म्हटलं तर पुढं काही मिळणार नाही, असा लोकांचा हिशेब असे. म्हणून ते मधलं बोलत. माझ्याजवळच्या टॅबवर पाच चेहरे होते, मोठ्यानं हसणाऱ्यापासून रागावलेल्यापर्यंत. ज्याला वाचता येत नाही त्यानं त्यांतल्या एकावर बोट ठेवायचं. बहुतेकांचं बोट ना हसऱ्या ना रडक्या अशा मधल्या चेहऱ्यावर पडे.

कंधारच्या अलीकडं, फाट्यावरून आत असलेल्या एका गावात मात्र दवाखान्याच्या प्रश्नाला भराभर हसरे चेहरे मिळाले. कारणही तसंच होतं. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसांना पूर्वी ठरलेल्या गुरुवारी गावाच्या टोकाला, उपकेंद्रात जावं लागे. तिथल्या सिस्टरबाईंनी खटपट करून ते बंद केलं. आता आशाताई घरी येऊन गोळ्या देत होती. सुना खूश होत्या, मुलं खूश होती. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी तर माझा हात धरून सिस्टरबाईंना आशीर्वाद दिले.

दुपारी मी बौद्धवाड्यात गेले. विहाराशेजारच्या घरात एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जन्मभर मजुरी केलेली बाई, बोटं अजून चपळ. सुनेनं पाणी दिलं. मी टॅब पुढं केला आणि विचारलं, "आजी, दवाखान्याच्या कामाबद्दल काय वाटतं?"

त्यांनी पाचही चेहरे नीट पाहिले आणि रागावलेल्या चेहऱ्यावर बोट टेकवलं.

सून घाईनं म्हणाली, "अवो आत्याबाई, ते रागाचं हाय. हसरं इकडं हाय."

"दिसून राहिलंय मला," आजी म्हणाल्या. "रागच हाय माझा."

मला वाटलं, गोळ्या वेळेवर येत नसतील. विचारलं, तर म्हणाल्या, "येतेत की. आशाताई लई गुणाची पोरगी हाय. हातात गोळ्या देती, पाणी पी म्हणती, जाती."

"मग राग कशाचा?"

त्यांनी मुठीतले दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "गोळ्या घरी आल्या गं बाई. आता मी कुठं जाऊ?"

पुढचं त्यांनी मी न विचारता सांगितलं. गुरुवारी त्या सकाळीच डोक्यावरून अंघोळ करत, धुतलेलं पांढरं लुगडं नेसत आणि चालत उपकेंद्राकडं निघत. तिथं लिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे. त्या बाकावर पेठेतल्या किराणा दुकानवाल्यांची आई येऊन बसे. ती लिंगायत, ह्या बौद्ध. तिनं 'शरणार्थ' म्हणायचं, ह्यांनी 'जयभीम' म्हणायचं आणि मग दोघींनी नंबर येईपर्यंत बोलत बसायचं. नंबर येऊन गेला तरी बसायचं. ती पदराखालून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढे, ह्या चिंचा नेत.

"तिच्या घरी जायाची माझी रीत न्हाई," आजी म्हणाल्या, "आन् माझ्या घरी यायची तिची न्हाई. कुणी बंदी केली असं बी न्हाई. पर न्हाई ते न्हाई. दवाखान्याचा बाक मातर दोघींचा व्हता. दिवाळीपासून तिचं तोंड दिसलं न्हाई मला."

सून दारात थांबून ऐकत होती. तिला हे नवीन असावं.

संध्याकाळी मी पेठेत गेले. यादीत ते घर होतंच, नसतं तरी मी गेले असते. दुकानात मुलगा गल्ल्यावर होता. पन्नाशीचा, गळ्यात लिंग, बोलायला मोकळा. म्हणाला, "दवाखान्याचं काम एकदम बराबर. आईला आता कुठंच जावं लागत नाही. टीव्ही लावून दिलाय, पंखा आहे, बसल्या जागी सगळं."

आई आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. मुलासमोर तिनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. गिऱ्हाईक आलं म्हणून तो बाहेर गेला तशी ती पुढं झुकली.

"बौद्धवाड्यात गेल्ती का तू?"

"गेले होते."

"विहाराच्या बाजूची, उंच बाई. बरी हाय का ती?"

"बऱ्या आहेत. तुमचीच आठवण काढत होत्या."

तिनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. फक्त टीव्हीकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, गेली. आपल्याला कोण सांगतंय."

मी तिला विचारलं, मुलाला सांगितलं का नाही. ती म्हणाली, "काय सांगू? गोळ्या घरी नको म्हणू? लोकं म्हणतील, म्हातारीला सुख दुखतंय."

लातूरला माझे वडील पेन्शन काढायला अजून बँकेत स्वतः जातात. पैसे जमा झाल्याचं मोबाईलवर घरबसल्या कळतं, कार्ड आहे, तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि दुपारी जेवायलाच परततात. आई त्यावरून दर महिन्याला कुरकुरते. त्या खाटेजवळ बसून मला ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या चिडतील. एवढी मेहनत घेऊन चांगली सोय केली आणि वर ही तक्रार. त्यांनी इंजेक्शनचा डबा बंद केला आणि म्हणाल्या, "अहो, उन्हाळ्यात इथं दोघंजण चक्कर येऊन पडले होते. म्हणून केलं मी हे. घरी देणं काही मी बंद करणार नाही."

"करूही नका," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीतून बाहेरच्या बाकाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गोळ्या घरीच राहू द्या. पण बीपी घरी कुठं नीट बघितलं जातं? ज्यांना चालवतं त्यांनी गुरुवारी येऊन बीपी तपासून जावं. असं सांगते आशाताईला."

पुढच्या गुरुवारी गावातली राहिलेली घरं करायला मी आले होते. उपकेंद्रावर पोचले तेव्हा बौद्धवाड्यातल्या आजी बाकावर बसलेल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दुकानवाला आईला मोटारसायकलवर घेऊन आला. तिला उतरवून म्हणाला, "सिस्टर, आमचं जरा लवकर बघा, दुकान उघडं टाकून आलोय."

त्याची आई बाकावर टेकली आणि म्हणाली, "तू जा. मी येते माझी."

"चालत?"

"पाय हायेत मला."

तो माझ्याकडं, मग आईशेजारच्या बाईकडं बघत घुटमळला. शेवटी गाडी वळवून गेला.

मला वाटलं होतं, दोघी गळ्यात पडतील, निदान रडतील. तसं काही झालं नाही. "शरणार्थ." "जयभीम." मग एकीनं विचारलं, गुडघा कसा हाय, आणि दुसरीनं गुडघ्याचं इतकं सविस्तर सांगितलं की सिस्टरबाईंनी दोनदा हाक मारूनही कुणी उठलं नाही.

"बीपी वाढलंय का बघा तरी," त्या दारातून म्हणाल्या.

"वाढू द्या," आजी म्हणाल्या. "आधी हिचं ऐकून घेते."

अहवालात मी ही हकिकत लिहिली. आमच्या साहेबांनी ती वाचली, चांगली आहे म्हणाले आणि लहान करून शेवटच्या पानावर टाकली. घरपोच गोळ्यांबद्दल लोक समाधानी आहेत, हे पहिल्या पानावर राहिलं. तेही खोटं नव्हतं.

नंतर मला लातूरला काम मिळालं. आशाताईचा अधूनमधून फोन येतो. दुकानवाल्यांच्या आईचं मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा बौद्धवाड्यातल्या आजी विचारपूस करायला पेठेत गेल्या. आधी दुकानाच्या पायरीवरच बसल्या. आतून हाक आली, तेव्हा मुलानंच त्यांना आत नेलं. चहा झाला. पुन्हा गेल्या का, ते आशाताईला माहीत नाही.

गुरुवारी आता बरीच मंडळी जमतात, काही पुरुषही. बाक पुरत नाही म्हणून अंगणवाडीची सतरंजी आणतात. म्हाताऱ्यांनी मिळून ग्रामपंचायतीकडं लिंबाजवळ पत्र्याचं शेड मागितलंय, कारण दुपारी ऊन सरकून अंगावर येतं. सरपंच हो म्हणालेत. अजून खांब आलेले नाहीत, आणि गावातल्या म्हाताऱ्या त्याबद्दल दर गुरुवारी सरपंचाच्या घरावरून जाताना मोठ्यानं बोलतात.