सेठजी आमचा क्लब घेणार होते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो आणि मधेच कोणी फिसकन हसलं, की मला राग येतो. गाढवपणा माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ झाला, पण इतका मन लावून, इतक्या देशभक्तीनं केलेला हा एकच!

एकाहत्तर सालची गोष्ट. मी जबलपूरच्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीत फिटर होतो आणि तिथल्याच गढा मोहल्ल्यात राहत होतो. लढाई अजून पेटायची होती, पण पेटणार हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. फॅक्टरीत ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम. एक भोंगा वाजला की घरी जायचं, दुसरा वाजला की परत यायचं. मधे माणूस जेवला की नाही, हे त्याची बायकोच जाणे.

आणि गढ्यात आमचा नवजवान फुटबॉल क्लब होता. नाव नवजवान बरं का! आमचे सेंटर फॉरवर्ड मोहनराव मुलीच्या लग्नाची बोलणी आटोपून, कपाळावरच्या कुंकवासकट मैदानात उतरले होते. यावरून बाकीच्यांचा अंदाज करा. ओव्हरटाइममुळे प्रॅक्टिसला कोणी येईना आणि मॅच काही जिंकता येईना. एका मॅचला तर समोरची टीम आलीच नाही. तीही आम्हाला जिंकता आली नाही, कारण आमचीही आली नव्हती.

क्लब काढला होता नानाजींनी, स्वतः विशीत होते तेव्हा. आता फॅक्टरीतून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा दूर कलकत्त्याला. बॉल त्यांच्या घरी, पलंगाखाली असायचा. पुढच्या लीगमध्ये नाव घालायचं तर बूट हवे, बॉल हवा, कोणीतरी पाठीशी उभं राहायला हवं. नाहीतर क्लब बंद.

"क्लब बंद झाला तर मी सकाळी उठून करू काय, बा?" एकदा नानाजी मला म्हणाले.

अशात निरोप आला. कुंडमचे एक लाकडाचे ठेकेदार सेठजी आमचा क्लब घ्यायला तयार आहेत! खेळाडू, मैदान, फुटका बॉल, सगळं. अट एकच, क्लबाला त्यांच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव द्यायचं. तीन आठवड्यांनी, इतवारी येऊन पक्कं सांगतो म्हणाले.

झालं! पंडितजींच्या चहाच्या टपरीवर तीन आठवडे पार्लमेंट भरली. निम्मे म्हणाले द्या, निम्मे म्हणाले मेलो तरी नाव बदलणार नाही. पण खरं सांगू? सगळ्यांना खाज होती ती एकाच गोष्टीची. कुंडमच्या जंगलातल्या माणसाला आमचा हरणारा क्लब हवा कशाला?

"इलेक्शन लढवायचं असंल," आमचा गोलकीपर बंडू म्हणाला.

"अरे भैया, गोलपोस्ट लकड़ी के होते हैं," पंडितजी किटलीतून चहा ओतत म्हणाले. "धंधा है धंधा!"

"एका गावाला किती गोलपोस्ट लागतात जी?" बंडूनं विचारलं.

"समोरच्या टीमचा तर कोणी वापरतच नाही," मी म्हणालो, "दोन्ही टीमा बंडूच्याच गोलपोस्टात मारतात." यावर बंडू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी 'द्या' पक्षाचा. बाकावर उभं राहून भाषणसुद्धा केलं, "नाव जाऊ दे, पण क्लब जगला पाहिजे!" नानाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता या म्हाताऱ्यासाठी जीव द्यावा.

त्याच दिवसांत मी मोहल्ल्याच्या नागरी संरक्षणात भरती झालो होतो. दंडावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी. फॅक्टरीच्या गेटवर पाट्या लागल्या होत्या, अनोळखी माणसाला काही सांगू नका. कुठल्या सेक्शनात किती माणसं, शिफ्ट कधी सुटते, एक अक्षर नाही! मी त्या पाट्या रोज वाचायचो. इतरांनी वाचल्या की नाही, तेही बघायचो.

तर त्या इतवाराच्या आधीच्या गुरुवारी, मी टपरीवर बसलेलो असताना एक वाळका माणूस आला. धोतर, काळी छत्री, बगलेत लाल वही. चहा मागवला आणि मला विचारलं, "भैया, ये नवजवान क्लब के लड़के किस फैक्टरी में हैं?"

माझे कान उभे!

"काहून?" मी विचारलं. तो बघतच राहिला. मग मी हिंदीत आलो, "क्यों जी?"

"ऐसे ही. कौन से सेक्शन में? शिफ्ट कब छूटती है? इतवार को भी ओवरटाइम रहता है क्या?"

आणि वही उघडून पेन्सिल जिभेला लावली!

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? गेटवरची पाटी जशीच्या तशी चालत माझ्यापुढे येऊन चहा पिऊन राहिली होती! मी दंडावरची पट्टी हळूच शर्टाच्या बाहीखाली सरकवली. सावध होऊ द्यायचं नव्हतं ना त्याला.

"फैक्टरी?" मी म्हणालो. "कौन सी फैक्टरी? इस क्लब में सब हलवाई हैं."

त्यानं लिहून घेतलं. *हलवाई.*

"इनमें तगड़ा कौन है?"

"कोई नहीं. सब बीमार."

"और सेंटर फॉरवर्ड?"

आता मोहनराव कामाला होते सगळ्यांत नाजूक सेक्शनात. त्यांना वाचवायला एकच उपाय दिसला. मी मान खाली घातली. "गुज़र गए."

"अरे राम राम! कब?"

"कल तेरहवीं थी."

तेवढ्यात बंडू आला. मी डोळा मारला, त्याला काही कळलं नाही, तरी तो लंगडायला लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. मी म्हणालो, हा गोलकीपर, पायानं अधू आणि दिवसाही कमी दिसतं. त्यावर बंडूनं चहाचा ग्लास उचलायचा म्हणून पंडितजींचा हात धरला. मित्र असावा तर असा!

"मैदान किधर है?" त्या माणसानं शेवटचं विचारलं.

मैदान तिथून दोनशे पावलांवर. मी दहा मैल दूरच्या भेडाघाटच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. बिचारा छत्री उघडून निघाला की!

तो दिसेनासा झाला तसा मी मोहल्लाभर फिरलो. पानवाला, न्हावी, दूधवाला, सगळ्यांना तंबी दिली. छत्रीवाला येईल, काही खरं सांगायचं नाही! लोकांनी तर माझ्यावर कडी केली. पानवाल्यानं सांगितलं, क्लब बंद पडून साल झालं. न्हाव्यानं सांगितलं, क्लब होता कुठे, ती तर भजनी मंडळी. मी चौकीत जाऊन वर्दीही दिली. हवालदार जांभई देत म्हणाला, पुन्हा दिसला तर धरून आण.

शुक्रवार, शनिवार मी फॅक्टरीत छाती काढून फिरलो. आपण एकट्यानं देश वाचवला, असं कधी वाटलंय तुम्हाला? फार बरं वाटतं हो!

इतवारी मैदानात सगळा मोहल्ला. नानाजींनी कोट घातलेला, हातात झेंडूचा हार. माझी बायको शालू आरतीचं ताट घेऊन उभी. धुरळा उडवत जीप आली. दार उघडलं. आणि आतून आधी काळी छत्री बाहेर आली, मग लाल वही, मग तो!

मी काय करणार? जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "हाच तो! हेर! पकडा!"

"अबे सोड त्यांना!" नानाजी ओरडले. "सेठजींचे मुनीमजी आहेत ते! काय करून राहिला तू?"

माझा हात कॉलरवरून कसा सुटला, मला आठवत नाही.

मुनीमजींनी कॉलर नीट केली. सेठजी आलेच नव्हते. लाकडाच्या धंद्यात म्हणे मालक आधी जंगलात जात नाही. मुनीम गुपचूप जाऊन कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोड ठोकून बघतो. आवाज पोकळ आला तर झाड सोडून द्यायचं. म्हणून ते गुरुवारी आम्हाला ठोकून पाहायला आले होते. शिफ्ट कशाला विचारली? प्रॅक्टिस कधी ठेवायची ते ठरवायला. सेक्शन? कोणाला मोकळा वेळ किती, ते कळावं म्हणून.

मग त्यांनी वही उघडून सगळ्यांसमोर वाचली. "खिलाड़ी, सब हलवाई. गोलकीपर, दिन में भी कम दिखता है. सेंटर फॉरवर्ड, स्वर्गवासी."

मोहनराव माझ्याच शेजारी उभे होते. त्यांनी हळूच टोपी काढली.

"मैदान," मुनीमजी वाचत होते, "भेड़ाघाट तक चलकर देखा, नहीं मिला."

"मुनीमजी, हे सगळं खोटं आहे!" मी म्हणालो. "मैदान हे काय, पायाखाली! मोहनराव जिवंत आहेत, हात लावून बघा!"

"अब क्या फ़ायदा, भैया? सेठजी ने कल शाम दूसरे मोहल्ले का क्लब ले लिया. वही बताने आया हूँ."

मला मात्र त्या क्षणीही राहवलं नाही, एवढा मी उत्सुक माणूस. विचारलं, "पण सेठजींना आमचाच क्लब आधी काहून हवा होता?"

मुनीमजी म्हणाले, सेठजींचे वडील तरुणपणी कुंडमकडच्या जंगलातून डोक्यावर मोळी घेऊन गढ्यात यायचे. मोळी विकली की याच मैदानाच्या कडेला बसून नवजवानची मॅच बघायचे आणि मग परत चालत जायचे. मरेपर्यंत नवजवान, नवजवान करायचे.

नानाजींनी हातातला हार गोलपोस्टाला अडकवला आणि खाली बसले. त्या साली लीगमध्ये आमचं नाव नव्हतं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मी त्यांच्या पाया पडलो. ते फक्त म्हणाले, "एवढं जोरात खोटं बोलायचं नव्हतं रे."

मुनीमजी जीपमध्ये चढले आणि पुन्हा उतरले. "एक बात रह गई. सेठजी ने कहा है, क्लब तो नहीं चाहिए, पर वो पट्टी छुपानेवाला आदमी चाहिए. लकड़ी के गोदाम पर चौकीदार रखेंगे. कहते हैं, जिसने मैदान का पता नहीं बताया, वो लकड़ी का क्या बताएगा!"

नानाजी उठले. कोट झटकला. मीटिंगमध्ये उभे राहायचे तसे उभे राहिले.

"मंडळी, सेठजींचा नवा प्रस्ताव आलेला आहे. याला देऊन टाकायचा काय? हात वर करा."

तीन आठवडे ज्या लोकांचं एकमत झालं नव्हतं, ते एका मिनिटात झालं! बंडूचा हात वर. पंडितजींचा वर. स्वर्गवासी मोहनरावांचा वर. नानाजींचे तर दोन्ही.

मी आशेनं शालूकडे वळून पाहिलं. आरतीचं ताट तिनं डाव्या हातात घेतलं होतं.