एक्सा ब्लेडचा चाकू

“हातात देऊ नको गो, खाली ठेव. मी घेते उचलून.”

काचेच्या पार्टिशनपलीकडून आलेलं हे वाक्य ऐकून मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात माझी ड्रॉइंग काढायची नोकरी नुकतीच सुरू झाली होती. पितळी नळांचे सुटे भाग बनवणारं ते लहानसं युनिट. काचेपलीकडे पॅकिंगचं लांब टेबल होतं. पॅकिंगची एक मुलगी, गाळ्यात सगळे ज्यांना मावशी म्हणत त्यांचा चाकू परत द्यायला हात पुढे करून उभी होती आणि मावशी स्वतःचे दोन्ही हात मागे घेऊन तिच्याकडे बघत होत्या. मुलीने चाकू टेबलावर ठेवला. मावशींनी तो उचलला, मिटला आणि कमरेला खोचला.

“हातात दिला की भांडण होतं,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्याशी रोज थोडं थोडं भांडायचंय, एकदम संपवायचं नाही.”

तुमच्याही कामाच्या जागी अशी एक बाई असेल, जिचं पद कुणाला नीट सांगता येत नाही, पण ती रजेवर असली की सगळ्यांची दुपार बिघडते. मावशी पॅकिंगला होत्या. कुणाच्या नव्या शर्टाचं लेबल काढायचं असो, कुणाच्या डब्यात आलेली कैरी चिरायची असो, माणूस त्यांच्याकडेच जायचा. शेठसुद्धा केबिनमधून पार्सल घेऊन बाहेर यायचे. मावशी कमरेकडे हात नेत म्हणायच्या, “थांबा. हत्यार आहे.” ते हत्यार त्यांच्या करंगळीपेक्षा जेमतेम मोठं होतं.

माझं तेव्हा कुणाशीच बोलणं नसे. घरी मराठी, शाळा-कॉलेज इंग्रजीत, त्यामुळे बाहेर तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात दोनदा जुळवायची सवय. वाक्य जुळेपर्यंत विषय संपलेला असायचा. मावशींनी पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं, “हिला आईबापांनी म्युट करून ठेवलंय.” सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता. त्या दिवसापासून दुपारी माझ्या टेबलावर कागदाच्या तुकड्यावर पेरूची फोड यायला लागली. मी “थँक्यू” म्हटलं की त्या म्हणायच्या, “त्याला मीठ लाव आधी.”

मी बोलत नसले तरी बघत होते. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाची नजर मापं घेतच असते. चाकूचं पातं म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचा तुटका तुकडा होता, गाळ्यात सगळे त्याला एक्सा ब्लेड म्हणतात. एका कडेचे दात घासून काढलेले, तरी टोकाशी दोन-तीन दातांच्या खुणा राहिल्या होत्या. मूठ पितळेच्या पट्टीची, हाताळून हाताळून मऊ झालेली. एक गोष्ट मात्र मला खटकायची. पातं उघडायला नख घालायची खाच उलट्या बाजूला होती. मावशी सगळी कामं उजव्या हाताने करायच्या, पण चाकू उघडताना तो डाव्या हातात घ्यायच्या, डाव्या अंगठ्याने जरा कष्टाने उघडायच्या आणि मग उजव्या हातात घ्यायच्या.

एकदा मला बघताना त्यांनी पकडलं.

“आमचे डावरे होते,” त्या म्हणाल्या. “त्यांनी त्यांच्या हाताला बरा म्हणून केला, आणि केल्यावर मला दिला. असा माणूस.”

मावशींचे यजमान एलबीएस रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत फिटर होते. कंपनी गेली, आता तिथे टॉवर आहेत. लग्नाच्या पहिल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत घासून घासून त्यांनी हा चाकू केला आणि डब्यात भाकरीखाली लपवून गेटबाहेर आणला. “आयुष्यात केलेली एकच चोरी. तीही भंगाराची.” घरी आल्यावर त्यांनी तो मावशींसमोर ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता आंघोळीला गेले. “बोलायचे नाहीत. तुझ्यासारखे.”

“फोटो आहेत ना त्यांचे?” पॅकिंगच्या मुलीने विचारलं होतं.

“आहेत की. पण ते फोटोवाल्याने काढलेत. हा त्यांनी केला.”

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी गाळ्यातली सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात आणि मोठ्या लेथवर वर्तमानपत्र अंथरून पाने, कानशी, मोजपट्ट्या अशी सगळी हत्यारं पूजेला मांडतात. मावशी दर वर्षी आपला चाकू त्यांत ठेवायच्या, सगळ्यांत पुढे, लहान मुलाला फोटोत पुढे बसवतात तसा. एकदा पूजेला ठेवलं की दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्या कडक पाळायच्या. त्या वर्षीही निघताना पॅकिंगची मुलगी म्हणाली, “मावशी, चाकू घेऊन जा घरी, कुठे पडेल.” मावशी म्हणाल्या, “पूजेतून उचलतात का गो? त्यालाही दोन दिवस सुट्टी दे.”

दसऱ्याला दुपारी शेठनी कुठल्याशा घाईच्या ऑर्डरसाठी बाहेरची दोन माणसं बोलावून लेथ चालू केला. त्यांनी मोठी हत्यारं बाजूला काढली आणि वर्तमानपत्राची चारही टोकं धरून फुलं एकत्र गुंडाळली, त्यांतच तो एवढासा चाकूही गेला असावा. त्यांनी ती कचऱ्यात टाकली नाहीत. पूजेची फुलं म्हणून पिशवीत भरून, मुद्दाम वाट वाकडी करून, तलावाकाठच्या निर्माल्याच्या पिंपात नेऊन घातली. दोघांनी अगदी नीट काम केलं होतं. मावशींना रागवायलाही कुणी उरलं नाही.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मावशी रिकाम्या लेथपाशी उभ्या होत्या. आम्ही यंत्रांखाली वाकून पाहिलं, ड्रॉवर उलटे केले, पितळेचा बुरादा चाळला. तोवर तलावाकाठचं पिंप रिकामं होऊन फुलं पालिकेच्या बागेत खतासाठी गेली होती. “सापडेल ना गो?” त्या ज्याला त्याला विचारत होत्या. शेठ म्हणाले, “मिलेगा, मावशी, जायेगा किधर?” पॅकिंगची मुलगी म्हणाली, “सापडणार म्हणजे काय, हंड्रेड परसेंट.” मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसतीच, मलाही सांगता आलं नसतं.

मग बदली चाकू यायला लागले. शेठनी लाल रंगाचा फॉरेनचा आणला, त्यात कात्री आणि बाटली उघडायची सोयही होती. मुलींनी वर्गणी काढून एक आणला. मावशींच्या मुलाने ऑनलाइन मागवला. मावशींनी प्रत्येकाला चाकू टेबलावर ठेवायला सांगितला, प्रत्येकाचं कौतुक केलं आणि सगळे आपल्या खणात टाकले. त्यानंतर त्या पॅकिंगची टेप दातांनी तोडायला लागल्या. दुपारी पेरू यायचा बंद झाला. कुणी काकडी घेऊन गेलं तर त्या म्हणायच्या, “चावून खा. दात कशाला दिलेत देवाने?” आधीच्यासारखाच विनोद, पण आता ऐकून कुणी हसत नसे.

एका रविवारी त्यांनी मला फोन केला. मला का, ते मी विचारलं नाही. लेथखालचा लोखंडी कीस गोळा करायचा लोहचुंबक त्यांनी पिशवीतून आणला होता, दोरी बांधून. पालिकेच्या बागेतल्या खताच्या खड्ड्यांपाशी माळीबुवांनी आम्हाला जाऊ दिलं. मावशी काठाकाठाने चुंबक ओढत चालल्या, मी मागून फावड्याने खत उलटत गेले. चुंबकाला सेफ्टी पिना लागल्या, हारांच्या तारा लागल्या, देवाच्या मुकुटाचे आकडे, एक घुंगरू. दर वेळी काही चिकटलं की त्या थांबायच्या आणि वाकायच्या. माती गरम होती आणि तिला अजून झेंडूचा वास होता.

“बघा, किती देवांचे दागिने जमले,” मी म्हटलं. त्यांच्याशी आपण होऊन बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असेल.

त्या हसल्या नाहीत. पिना एकेक करून सोडवत म्हणाल्या, “ह्यांच्या आजारपणात पण असंच चाललं होतं. डॉक्टर म्हणे होतील बरे. दीर म्हणे होतील बरे. मुलगा पण तेच. सगळ्यांना ठाऊक होतं गो, मला सोडून. मी आपली रोज दळण आणत होते, घरी आल्यावर यांना भाकरी लागेल म्हणून. कुणी सांगितलं असतं तर पिठाच्या गिरणीत उभी राहिले नसते. हॉस्पिटलात ह्यांच्यापाशी बसले असते.”

मी फावडं टेकून उभी राहिले. बोलायला वाक्य जुळत होतं आणि मोडत होतं.

दिवाळीनंतर मावशी कामावर यायच्या बंद झाल्या. गुडघे, असं कारण आलं. तेव्हा मी त्या चाकूचं ड्रॉइंग काढायला घेतलं. आठवणीतून मापं घातली, पात्याची जाडी, मुठीची गोलाई, टोकाच्या दातांच्या खुणासुद्धा. खाच मी जिथे होती तिथेच, उलट्या बाजूला दाखवली. शेजारच्या गाळ्यातल्या फिटरकाकांना एक्सा ब्लेड आणि जुनी पितळी पट्टी नेऊन दिली. त्यांनी जीव लावून काम केलं. चाकू माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “ताई, ड्रॉइंगमध्ये एक मिस्टेक होती तुमची. खाच उलटी काढलेली. मी सरळ करून टाकली. होतं असं नवीन माणसाचं.”

त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी फक्त “थँक्यू” म्हटलं.

भांडुपला मावशींच्या घरी गेले तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मुलगा आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मी चाकू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मावशींनी तो पाहिला, मग चष्मा चढवला. टोकाशी असलेल्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. त्या क्षणी मला वाटलं, जमलं.

त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला. डावा अंगठा पात्यावर नेला. तिथे काही नव्हतं, नख गुळगुळीत लोखंडावरून सरकलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग चाकू फिरवून पाहिला, उजव्या हातात घेतला, आणि पातं एका झटक्यात उघडलं.

“किती सहज उघडतो,” त्या म्हणाल्या.

मी खाचेबद्दल काहीतरी सांगायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं, पातं मिटलं आणि माझ्या गालाला हात लावला. “छान केलंस. एवढं बारीक बघत बसायचीस होय गो? हा वापरते मी. तो सापडेपर्यंत.”

आतून मुलाचा आवाज आला, “सापडेल गं आई, टेन्शन नको घेऊ.”

मावशींनी त्या आवाजाकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“सापडेल ना गो?”

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मावशींचे डोळे माझ्या तोंडावरून हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “तो आता नाही सापडणार.”