मीच दोरी देत होती

माहा माणूस गेला तवा घरामागचं कुंपन बांधाले कोनी नाई रायलं. पोरी लगन होऊन गेल्या. शेजारी चुलत देवर. तो म्हने, "वयनी, मी हावो ना. तू फकत तिकडून दोरी दे."

कुंपन बांधाले दोघं लागतात. एक इकडून दोरी घालते, दुसरा तिकडून परतवते. धान निघालं का दर साली आमी बांबूचं कुंपन नवं करत होतो. पहिले तो जुने सडके खुटे उपटे अन् माह्या अंगनात फेके. "घे वयनी, चुलीले होतीन." मले बरं वाटे. मी ते जाळत होती. जुना खुटा जळला का त्याची जागा कोनाले आठवते? नवा खुटा तो हातभर, कधी बोटभर इकडे गाडे. मी समोर बसून दोरी देत होती. माह्याच हातानं माही घरामागची सांदवाडी गेली, अन् मी त्याच्यावर भात शिजवला.

कळलं तवा पायखान्याची वाट बंद झाली होती. घराच्या मागून वाट होती, कोनाले दिसत नोती. यंदा कुंपन भिताडाले येऊन भिडलं. मंग लोटा घेऊन समोरच्या सडकेनं फिरून जा लागे. तिथं पानठेल्यावर मानसं बसून राहतात. ह्या उमरीत खाली मान घालून त्याईच्या समोरून जाची.

मी त्याले म्हनलं, "विजेच्या खांबाचा तान माह्या सांदवाडीत होता. माह्या मानसानं गाडू देला होता. आता तो तुह्या वाडीत कसा गेला?"

खांब वाकू नोय म्हनून जमिनीत गाडलेली तिरपी तार असते, तिले तान म्हनतात. त्याच्यावर त्यानं वालाचा वेल चढवला होता.

"तान तिथंच आहे वयनी. तुहे डोळे गेले."

"कुंपन सरकवलं तूनं."

"मंग मोजनी आन. कागद आहे का तुह्याजवळ?"

कागद नोता. सरपंचाकडे गेली तं तोबी म्हने मोजनी आन. ती येवाले साल लागते म्हने. देवरानं त्याच आठवड्यात बांबू काढून लोखंडी तार लावली, अन् ती तार तानालेच गुंडाळली. पक्की रायते म्हने. त्याच्या बायकोनं मले बोलनं सोडलं. माह्या कोंबड्या तिकडे गेल्या तं लंगड्या होऊन आल्या.

एक दिवस पानी पडून रायलं होतं. माहा पाय घसरला, मी तार धरली. करंट लागला, हात खांद्यापावतर सुन्न झाला. मी तिथंच चिखलात बसून रायली. कोनी आलं नाई. देवर ओट्यावरून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सडक अर्जुनी गावाले विजेच्या ऑफिसात जाऊन सांगून आली. लाइनमन आला. त्यानं कोयत्यानं वेल तोडला, तं तान उघडा पडला. तो भडकला.

"तानाले कुंपन कोन बांधलं? मानूस मेलं असतं. ही जागा कोनाची? ज्याची जागा त्याच्यावर केस."

पाच-सहा मानसं जमली होती, सरपंचबी होता. देवर माह्याकडे बोट दाखवून बोलला, "तान वयनीच्या जागेत आहे. तिच्या मानसानंच गाडू देला. सारं गाव जानते. मले काई मालूम नाई."

लाइनमन मले म्हने, "मंग आजी, दोस तुमचा होते."

मी म्हनलं, "दोस माहा लिवा भाऊ. जागाबी माही लिवा. अन् त्या कागदावर ह्याची सही घ्या."

देवराचं तोंड उतरलं. पन बोलून गेला होता. सरपंच खाली पाहून म्हने, "कर ना सही, बोलला तं." त्यानं केली. मी अंगठा लावला. लाइनमननं तार कापली अन् मले दम देऊन गेला. मी ऐकून घेतलं.

मंग मी कुंपन बांधाले घेतलं. तानाच्या पलीकडे दीड हात, जिथं माहा माणूस बांधत होता तिथं. तिकडून दोरी देवाले कोनी नोतं. फटीतून दोरी घालाची, वाकडी काडी घालून वापस ओढाची. नऊ दिवस लागले. देवर रोज ओट्यावर बसे.

"वाकडं होऊन रायलं वयनी."

"वाकडं रायलं तं रायलं. माहं आहे."

त्याचे खुटे मी चुलीत नाई घातले. त्याच्याच अंगनात फेकले. माहे जुने खुटे आता नवे गाडल्याबिगर मी उपटत नाई.

दहाव्या दिवशी भर दुपारी लोटा घेऊन मागच्या वाटेनं गेली. तो पाहत होता. मी मान खाली नाई घातली.