गिरणीच्या फाटकातलं खोकं

नव्या साडीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मी मनानं माधवनगरच्या कापडगिरणीच्या फाटकात जाऊन उभी राहते. स्वराज्य नुकतंच आलं होतं. आमचे लाल बावट्याचे आमदार खोक्यावर उभे राहून सांगत होते, "गिरण्या शेटजीच्या नकोत, सरकारच्या पायजेत. परक्यांच्या लढाईत आपली पोरं पुन्हा मरायला नकोत."

मी त्याच गिरणीत कामाला होते. कडेवर लेकरू घेऊन मी मधेच ओरडले, "आवं, गिरणी सरकारची झाली, तर ह्यो कुठं झोपंल? आता यंत्राखाली झोपतोय!"

मॅनेजर माझ्याकडंच बघत होता. आमदार खाली उतरले, त्यांनी लेकरू घेतलं. "बाई, हितं चढून बोला."

नात विचारते, खोक्यावर चढताना भीती नाही वाटली? वाटली की! पण लेकरू आमदाराच्या कडेवर होतं आणि माझे दोन्ही हात मोकळे होते.