मी अशीच बसणार

पोरींनो, पहूरच्या छोट्या गाडीत मला बसवायला तुमचे आबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आले होते. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. नवऱ्यानं दुसरी केली होती. फलाटावर सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. माय एवढंच म्हणाली, "रडू नको, त्यास्ले तेच पाहिजे शे."

मुंबईत चित्रांच्या शाळेत झाडू मारायला लागले. पुढं मॉडेल झाले. मॉडेल म्हणजे चौथऱ्यावर उघड्या अंगानं बसायचं, न हलता. मुलं चित्र काढायची. सांगते स्पष्ट, लपवायचं काय त्यात?

एकदा सरांनी मला गुडघे जुळवून, हात छातीशी धरून, मान खाली घालून बसवलं. चित्रं झाली. एकानं खाली लिहिलं, 'अबला'. अक्षरं मी तिथल्या पाट्यांवरनंच शिकले होते.

"सर, ह्यात अबला कोण?"

"शेवंताबाई, मॉडेलनं बोलायचं नसतं."

"मान तुम्हीच खाली घालायला लावली, न् वर मलाच बिचारी म्हणता?"

मग मी माझ्या रीतीनं बसले. कापूस वेचून झाल्यावर बांधावर टेकतो ना आपण, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, नजर समोर. अंगावर चिंधी तेव्हाही नव्हती. पण चित्र काढणारी एक पोरगी म्हणाली, "बाई, आता तुम्हीच आम्हाला बघताय असं वाटतं."

गावात कळलं. आबा खोलीवर आले, पाणीही घेतलं नाही. "अंग दाखवून पोट भरतीस? काम सोड, नाही तर पहूरले पाय ठेवू नको."

म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी फलाटावर मी नऊवारीतही उघडी होते. इथं निदान माझ्या खांद्याचं हाड कसं वळतं, ते तरी नीट बघतात."

काम सोडलं नाही. दिवाळीला पहूरला गेले, त्या पोरीनं काढून दिलेलं चित्र गुंडाळून घेऊनच. मायपुढं उलगडलं. आबा उठून बाहेर गेले. मायनं चित्र उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं.

"मन्ही माय कापूस वेचीसन अशीच बसे," म्हणाली, आणि माझं ताट वाढलं.

आबा अजून बोलत नाहीत. न बोलोत. तुम्ही लपून पत्रात विचारता, आत्या, तुझं घर कोणतं? जिथं मी पाय पसरले तरी कुणी "नीट बस" म्हणत नाही, ते. मुंबईत एक खोली आहे तशी. पहूरला मायच्या चुलीपुढं एक हातभर जागा आहे. ती मी सोडलेली नाही, दर दिवाळीला येऊन बसते.